कीटकनाशक विषबाधा, शेतीतील

पिकांवरील किडींचा नाश करण्यासाठी वापरण्यात येणारी रासायनिक द्रव्ये हाताळताना, मिसळताना, फवारताना किंवा साठवताना माणसाच्या शरीरात जाऊन जे अनिष्ट परिणाम घडवितात, त्यांस शेतीतील कीटकनाशक विषबाधा म्हणतात. ही विषबाधा व्यवसायजन्य रोगांत मोडते. कारखान्यातील कामगारास होणाऱ्या व्यवसायजन्य रोगाची नोंद होण्याची काही व्यवस्था असते. शेतीत मात्र कामाची जागा आणि राहण्याची जागा यांत फारसे अंतर नसते आणि शेतकऱ्याची पत्नी, मुले, सालगडी व रोजंदारीवरील मजूर या सर्वांचा विषाशी कमीअधिक संबंध येतो. त्यामुळे हा प्रश्न एका व्यक्तीचा न राहता सबंध कुटुंबाचा होतो. त्याची तीन अंगे आहेत : पिकाचे संरक्षण, औषधोपचाराचा खर्च आणि जमीन, पाणी व उपयुक्त जीव यांचे रक्षण. ही तिन्ही अंगे एकाच हिशोबात मांडली, तरच फवारणी कधी करावी आणि कधी टाळावी, याचा योग्य निर्णय करता येतो.

ऐतिहासिक आढावा : दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी यांसारखी क्लोरीनयुक्त कार्बनी कीटकनाशके शेतीत आली. ती स्वस्त व दीर्घकाळ टिकणारी होती. हे टिकाऊपण प्रारंभी गुण समजले गेले. पुढे तोच त्यांचा मोठा दोष ठरला, कारण ही द्रव्ये जमिनीत, पाण्यात आणि प्राण्यांच्या चरबीत साठून राहतात. त्यांच्या जोडीस पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस इ. फॉस्फरसयुक्त कार्बनी द्रव्ये आली. ती तुलनेने लवकर विघटित होतात. परंतु माणसाच्या दृष्टीने त्यांपैकी अनेक तत्काळ घातक असतात.

१९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑनने दूषित झालेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. या दुर्घटनेनंतर कीटकनाशकांवर कायद्याने नियंत्रण ठेवण्याची गरज मान्य झाली आणि पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ संमत करण्यात आला. त्याखालील नियम १९७१ मध्ये अंमलात आले. कोणतेही कीटकनाशक नोंदणीशिवाय विकता येऊ नये, विक्रेत्याजवळ परवाना असावा, वेष्टनावर विषारीपणाची खूण व उताऱ्याची माहिती असावी, अशा तरतुदी त्यांत आहेत. विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन राज्य शासन घालू शकते. विशिष्ट कीटकनाशकाची विक्री व वापर तात्पुरता थांबविण्याचा अधिकारही राज्यास आहे. कायमची बंदी मात्र केंद्र शासनच घालू शकते.

केरळातील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हवेतून फवारलेल्या एंडोसल्फानच्या परिणामांवरून दीर्घकाळ वाद चालला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या द्रव्याचे उत्पादन व वापर थांबविला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अठरा कीटकनाशकांवर बंदी जाहीर केली. त्यांपैकी बारांवरील बंदी तत्काळ होती, तर फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस इ. सहांची मुदत २०२० अखेर संपविण्यात आली. २०२३ च्या आदेशाने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवरूप प्रकाराची नोंदणी रद्द करण्यात आली. बंदी आलेल्या औषधाचे जुने डबे पुष्कळदा घरांत पडून राहतात. बंदीची वार्ता पोहोचल्यानंतर असे डबे वापरून संपविण्याचा मोह टाळावा व त्यांच्या विल्हेवाटीविषयी कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

विषारीपणाच्या रंगखुणा : कीटकनाशकाची तीव्रता माध्य मारक मात्रेवरून ठरवितात. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे जितके मिलिग्रॅम द्रव्य लागते, ती ही मात्रा होय. मात्रा जितकी लहान तितके द्रव्य अधिक विषारी. भारतात प्रत्येक वेष्टनावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौरस असतो व त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग पाहून अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसही धोका ओळखता येतो. लाल रंग अत्यंत विषारी (तोंडावाटे मात्रा १ ते ५०), पिवळा तीव्र विषारी (५१ ते ५००), निळा मध्यम विषारी (५०१ ते ५,०००) आणि हिरवा सौम्य विषारी (५,००० हून अधिक) द्रव्य दर्शवितो. लाल गटाच्या वरच्या त्रिकोणात कवटी व हाडांचे चित्र आणि ‘विष’ हा शब्द असतो.

हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. ही वर्गवारी मुख्यत्वे एकाच वेळी घेतलेल्या मात्रेच्या परिणामांवरून केलेली असते. थोड्या थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे येणाऱ्या संपर्काचा परिणाम तीत दिसत नाही. तसेच दोन-तीन औषधे शेतावर एकत्र मिसळली, तर होणाऱ्या मिश्रणाची विषारीता कोणत्याच वेष्टनावर छापलेली नसते.

शरीरात होणारा प्रवेश : विष केवळ तोंडावाटे जाते, हा समज घातक आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात ते बहुतांशी त्वचेवाटे आणि काही अंशी श्वासावाटे जाते. त्वचेची शोषणक्षमता सर्वत्र सारखी नसते. हाताच्या तुलनेने कपाळ, डोक्याची त्वचा, काख व जांघ येथून कितीतरी अधिक द्रव्य शोषले जाते. पाठीवरचा पंप गळत असेल, तर द्रावण पाठीवरून ओघळून कमरेखाली मुरते आणि ओले कपडे दिवसभर अंगाशी राहतात. उष्ण व दमट हवेत घामामुळे हे शोषण वाढते. पाण्यात मिसळण्यापूर्वीचे मूळ औषध सर्वांत तीव्र असल्याने मिश्रण तयार करणारी व्यक्ती सर्वाधिक धोक्यात असते. फवारणीसाठी पाणी भरून देणाऱ्या व फवारणीचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांचा संपर्कही दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

लक्षणे : फॉस्फरसयुक्त व कार्बामेट गटांतील द्रव्ये शरीरातील ॲसिटिलकोलीन एस्टरेज या एंझाइमाचे कार्य बंद पाडतात. मज्जातंतूंकडून स्नायू व ग्रंथी यांना संदेश देणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य काम संपल्यावर नष्ट करणे, हे या एंझाइमाचे कार्य होय. ते थांबल्यास संदेश अखंड चालू राहतात. त्यामुळे लाळ, घाम व अश्रू यांचा अतिस्राव, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि छातीत कफ साठून श्वास कोंडणे ही लक्षणे उद्भवतात. श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊन मृत्यू येऊ शकतो. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातील द्रव्यांनी चेहऱ्यावर आग व मुंग्या येतात.

सौम्य विषबाधेची प्रारंभीची लक्षणे डोकेदुखी, चक्कर, थकवा व मळमळ अशी असतात. ती ऊन लागल्याची किंवा उपाशीपोटी काम केल्याची समजून रुग्ण घरीच विश्रांती घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारणीस जातो. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उद्भवलेले असे कोणतेही लक्षण विषबाधेचे मानून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तातील कोलीन एस्टरेजाची पातळी मोजून फॉस्फरसयुक्त द्रव्यांच्या बाधेचे निदान दृढ करता येते. काही रुग्णांत सुरुवातीची लक्षणे ओसरल्यानंतर एक ते चार दिवसांनी मानेचे व श्वसनाचे स्नायू अचानक दुबळे होतात. म्हणून बरे वाटू लागताच खर्चाच्या भीतीने रुग्णास घरी नेऊ नये. वैद्याने अनुमती देईपर्यंत त्यास देखरेखीखाली ठेवावे.

प्रथमोपचार : रुग्णास प्रथम फवारणीच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत आणावे. अंगावरील सर्व कपडे काढून त्वचा, केस व नखे साबण आणि भरपूर पाण्याने धुवावीत. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. ते नसल्यास हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. डोळ्यांत औषध गेले असल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. बेशुद्ध रुग्णास कुशीवर झोपवावे व त्याच्या तोंडात काहीही घालू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे, दूध, तेल किंवा तूप देणे हे उपाय प्रचलित असले, तरी ते अपायकारक ठरू शकतात. उलटीचा द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिवाय, द्रवरूप औषधांत पुष्कळदा पेट्रोलियमजन्य द्रावक असतात. ते फुप्फुसात गेल्यास गंभीर इजा होते.

महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. रुग्णाबरोबर औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी न्यावी, कारण उपचार द्रव्यानुसार बदलतो. फॉस्फरसयुक्त द्रव्यांवर ॲट्रोपीन व प्रॅलिडॉक्झाइम हे उतारे देतात. परंतु पॅराक्वाट या तणनाशकासह कित्येक द्रव्यांवर निश्चित उतारा नाही व केवळ लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. मिश्रण केले असल्यास त्यातील सर्व औषधांची नावे सांगणे आवश्यक आहे.

विदर्भातील २०१७ ची घटना : या विषयातील सर्व दोष एकत्र आल्यास काय घडते, हे यवतमाळ जिल्ह्यातील अनुभवावरून स्पष्ट होते. २०१७ च्या खरीप हंगामात, जुलैपासून पुढील काही महिन्यांत, कापसावर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले आणि वीसहून अधिक व्यक्ती मृत्यू पावल्या. शेजारच्या जिल्ह्यांतही रुग्ण आढळले. त्यानंतर राज्य शासनाने यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा व वाशिम या जिल्ह्यांत काही कीटकनाशकांची विक्री व वापर तात्पुरता थांबविला.

या घटनेमागे एकच कारण नव्हते. भारतात २००२ साली बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली. प्रारंभी बोंडअळ्यांवरील फवारण्या कमी झाल्या. पुढे मात्र गुलाबी बोंडअळी या वाणांना दाद देईनाशी झाली. तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडींवर बीटी गुणाचा परिणाम होतच नाही. त्यामुळे फवारण्या पुन्हा वाढल्या. दाट लागवडीतील झाडे त्या वर्षी छातीच्या वर गेली होती. फवारणारा अशा पिकातून चालताना ओल्या पानांना घासत जातो आणि नोझल वर धरल्याने तुषार त्याच्याच तोंडावर येतात. इंजिनावर चालणाऱ्या पंपात पाणी कमी लागते. म्हणून द्रावण अधिक तीव्र असते व त्याचे सूक्ष्म तुषार हवेत दीर्घकाळ तरंगतात. दोन-तीन औषधांबरोबर वाढवर्धके व विद्राव्य खते एकत्र मिसळण्याची पद्धतही रूढ झाली होती. अंगरक्षक साधने बहुतेकांजवळ नव्हती, आणि असली तरी त्या दमट उकाड्यात ती अंगावर ठेवणे कठीण होते. यांवरून दिसून येते, की केवळ ‘काळजी घ्या’ असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. फवारणीची गरजच कमी करणे, हा त्यावरील मूळ उपाय होय.

फवारणीची गरज कमी करण्याचे उपाय : कीड दिसताच फवारणी करणे शास्त्रीय नाही. किडीमुळे होणाऱ्या नुकसानीचे मूल्य नियंत्रणाच्या खर्चाहून अधिक होण्याच्या बेतात येते, त्या पातळीस आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कापसावर दर पानामागे २ ते ३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे ही ढोबळ पातळी मानतात. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून पतंग मोजतात; सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास किंवा १० टक्के फुले अथवा हिरवी बोंडे किडलेली दिसल्यास उपाययोजना करतात. शेताच्या निरनिराळ्या भागांतील वीस झाडांची आठवड्यातून एकदा पाहणी केल्यास हा अंदाज येतो. महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ या प्रकल्पाखाली प्रमुख पिकांवरील किडींचे सर्वेक्षण करून सल्ले देण्यात येऊ लागले.

मशागतीचे उपाय बिनखर्चाचे व बिनधोक असतात. पावसाळ्यापूर्वी कापसाची पेरणी करू नये. हंगाम डिसेंबरअखेर संपवावा व फरदड घेऊ नये, कारण पाण्याच्या जोरावर उभ्या ठेवलेल्या अशा पिकात गुलाबी बोंडअळीच्या पुढील पिढ्या पोसल्या जातात. पऱ्हाट्या शेताच्या बांधावर रचून ठेवू नयेत. कमी कालावधीचे व केसाळ पानांचे, तुडतुड्यांना प्रतिकारक वाण निवडावेत. नत्र खताचा अतिरेक टाळावा; त्यामुळे पीक लुसलुशीत होऊन रसशोषक किडी वाढतात. बियाण्यास केलेल्या प्रक्रियेमुळे पहिल्या काही आठवड्यांत रसशोषक किडींपासून संरक्षण मिळते. या काळात फवारणी टाळल्यास ढालकिडे, क्रायसोपा, कोळी इ. मित्रजीव शेतात वाढतात. रासायनिक फवारणी लवकर सुरू केल्यास हे मित्रजीव आधी मरतात, कीड मागाहून अधिक जोमाने उसळते आणि एका फवारणीतून दुसरीची गरज निर्माण होते.

प्रारंभीच्या प्रादुर्भावावर ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. त्यासाठी ५ किग्रॅ. निंबोळ्यांची भुकटी सुमारे ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी ती फडक्यातून गाळून घेऊन तीत १ लिटर पाण्यात विरघळविलेला २०० ग्रॅ. साबण मिसळतात व एकूण द्रावण १०० लिटर करतात. अर्क त्याच दिवशी वापरावा. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी गावातच गोळा करता येतात. अंड्यांवरील परोपजीवी ट्रायकोग्रामा कीटकांची कार्डे बोंडअळ्यांच्या नियंत्रणास साहाय्यभूत होतात. ती लावल्यानंतर रासायनिक फवारणी करू नये.

हे उपाय एकट्याने करण्यापेक्षा सबंध शिवारात केल्यास अधिक फलदायी होतात, कारण पतंग बांध ओळखत नाहीत. नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी १९९८ पासून राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने कापसावर गावपातळीवर असा प्रयोग केला; त्यात फवारण्यांची संख्या घटविता आली. भातपिकाबाबत इंडोनेशियाचा अनुभव याहून जुना आहे. तेथे कीटकनाशकांमुळे मित्रकीटक नष्ट होऊन तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला. १९८६ साली शासनाने भातासाठी ५७ कीटकनाशकांच्या वापरास मनाई केली व पुढे त्यांवरील अनुदानही काढून घेतले. तरीही भाताचे उत्पादन घटले नाही.

फवारणी अटळ झाल्यास घ्यावयाची दक्षता : औषध परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून पावती घेऊन खरेदी करावे. पावतीवर औषधाचे नाव, गट क्रमांक व अंतिम तारीख यांची नोंद असावी. एका वेळी एकच औषध, शिफारशीच्या मात्रेत वापरावे. मिश्रण उघड्यावर, लांब काठीने ढवळून करावे. हात घालून ढवळू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, रबरी हातमोजे व बूट, टोपी, चष्मा आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा वापरावा. साधा रुमाल औषधाने भिजून उलट तेच नाकाशी धरून ठेवतो. पाठीवर पंपाखाली प्लॅस्टिकचा कागद बांधल्यास गळतीपासून संरक्षण मिळते. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने पाठ ठेवून करावी. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. त्यासाठी मऊ काडी किंवा तार जवळ ठेवावी. या काळात खाणे, पाणी पिणे, तंबाखू व विडी वर्ज्य करावी. एकाच माणसाने सलग अनेक दिवस फवारणी करू नये. मजुरी पंपांच्या संख्येवर ठरविली, तर मजूर घाई करतो व थकल्यावरही थांबत नाही. म्हणून ती वेळेवर ठरविणे अधिक श्रेयस्कर. मजुरास साधने, साबण व पाणी पुरविणे ही मालकाची जबाबदारी आहे. मुले, गर्भवती व स्तनदा स्त्रिया तसेच अंगावर जखमा असलेल्या व्यक्ती यांना या कामापासून दूर ठेवावे. काम संपताच स्नान करावे आणि कपडे घरातील इतर कपड्यांपासून वेगळे, हातमोजे घालून धुवावेत.

घरातील साठवण : औषध मूळ वेष्टनातच, कुलूपबंद पेटीत, धान्य व जनावरांच्या खाद्यापासून दूर ठेवावे. बाटलीत किंवा तेलाच्या डब्यात ओतून ठेवलेले औषध, तसेच औषधाच्या रिकाम्या डब्यात भरलेले तेल-पाणी हे दोन्ही घातक होत. २०१३ साली बिहारमधील गंडामन येथील शाळेत मोनोक्रोटोफॉसने दूषित झालेल्या तेलात शिजविलेल्या माध्यान्ह भोजनामुळे २३ मुले मृत्युमुखी पडली. हंगामापुरतेच औषध आणावे. घरात साठा ठेवू नये. निराशेच्या एखाद्या क्षणी हाताशी असलेले विष हे ग्रामीण भागातील आत्मघाती मृत्यूंचे एक मोठे साधन ठरले आहे. असा क्षण पुष्कळदा तात्पुरता असतो आणि विष हाताशी नसणे एवढ्यानेही जीव वाचू शकतो. मानसिक ताण असलेल्यांसाठी २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीवरील शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे.

खर्चाचा हिशोब : शेतकरी फवारणीच्या खर्चात साधारणतः औषध, मजुरी, पंपाचे भाडे व इंधन एवढ्याच बाबी धरतो. विषबाधा झाल्यास रुग्णालयाचे देयक, वाहनभाडे, रुग्णाची व सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, ऐन हंगामात खोळंबलेली निंदणी व वेचणी आणि या सर्वांसाठी काढलेल्या कर्जावरील व्याज असा दुसरा खर्च निर्माण होतो. तो घरखर्चाच्या नावाखाली जातो व पिकाच्या हिशोबात दिसत नाही. आग्नेस रोला व प्रभू पिंगळी यांनी फिलिपीन्समधील भातशेतीविषयी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेतकऱ्यांच्या आरोग्याचा खर्च धरून हिशोब मांडला. तेव्हा नेमाने केलेल्या फवारणीपेक्षा नैसर्गिक नियंत्रणावर विसंबणे अधिक लाभदायक ठरले. आर्थिक नुकसानीच्या पातळीचे गणित केवळ औषधाच्या किंमतीवर केले, तर फवारणी स्वस्त भासते. आरोग्याचा खर्च मिळविल्यास ती पातळी वर सरकते व कित्येक फवारण्या तोट्याच्या ठरतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाने फवारणीची वही ठेवावी. तीत तारीख, कीड, औषध व मात्रा, फवारणाऱ्याचे नाव, एकूण खर्च आणि त्यानंतर कोणास झालेला त्रास यांची नोंद करावी. हीच वही वैद्यास उपचारात व शासकीय साहाय्याच्या मागणीत उपयोगी पडते.

उपचारांचा भार हलका करण्यासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना उपलब्ध आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवून संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे प्रतिवर्षी ५ लाख रुपये करण्यात आली. योजना ठरावीक उपचारांस व अंगीकृत रुग्णालयांस लागू असते. म्हणून शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर नेऊन तेथील आरोग्यमित्राकडे दाखल होतानाच चौकशी करावी. अपघाती मृत्यू व अपंगत्व यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून अंमलात आली. कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा तीत अपघात म्हणून समाविष्ट आहे. मृत्यूबद्दल २ लाख रुपये साहाय्य मिळते व अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना ती लागू आहे. जमीन नावावर नसलेला फवारणी मजूर मात्र या व्याख्येत बसत नाही. ज्याचा विषाशी सर्वाधिक संपर्क येतो त्यासच संरक्षण सर्वांत कमी, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव होय.

परिसराचे रक्षण : फवारलेल्या औषधाचा अल्प अंशच किडीपर्यंत पोहोचतो, उरलेले जमिनीवर, हवेत व वाहत्या पाण्यात जाते. पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये. उरलेले द्रावण नाल्यात न ओतता पाण्याने पातळ करून त्याच पिकाच्या कडेवर फवारावे. पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अत्यंत घातक असल्याने तळी व शेततळी यांजवळ विशेष दक्षता घ्यावी. पीक फुलोऱ्यात असताना मधमाश्यांच्या वावराच्या वेळी फवारणी करू नये. अटळ असल्यास ती सायंकाळी करावी. कापसात आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरीकडे मधमाश्या मोठ्या संख्येने येतात, हे ध्यानात ठेवावे. फवारणीनंतर ठरलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत भाजी किंवा फळे तोडू नयेत व त्या शेतातील गवत जनावरांना घालू नये. रिकामे डबे तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे आणि डब्यांना भोके पाडून ते वस्ती व पाणवठ्यापासून दूर पुरावेत. ते जाळल्यास विषारी धूर होतो.

शेतकरी कुटुंब ज्या विहिरीचे पाणी पिते, तिच्याच शेजारच्या पिकावर ते औषध फवारते. त्यामुळे परिसराचे रक्षण ही आरोग्यरक्षणाहून वेगळी गोष्ट नाही. पाहणी करून केलेली एक आवश्यक फवारणी पीक वाचविते; सवयीने केलेली अनावश्यक फवारणी पीक, शरीर व पाणी या तिन्हींवर कर्ज चढविते. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांनी हंगामापूर्वी गावोगावी एकत्रितपणे मार्गदर्शन केल्यास आणि भूमिहीन मजुरांनाही संरक्षणाच्या कक्षेत आणल्यास या विषबाधेचे प्रमाण पुष्कळ अंशी कमी करता येईल.